जर्मनीत शिकायला जाताय? आरोग्य विमा आणि डॉक्टरचं काम असं मार्गी लावा

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनीला निघालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कम काढायची, ते खातं) कुठे उघडू, खोली कशी शोधू, कुकर नेला तर चालेल का, यावर तासभर बोलणं होतं. विम्याचं विचारलं की उत्तर येतं, "ताई, तो ब्लॉक्ड अकाउंटच्या पॅकेजमध्येच आलाय." आलेला असतो हे खरं. पण त्या पॅकेजमध्ये नेमका कोणता विमा आहे, कधीपासून कधीपर्यंत आहे, हे बघितलेलं नसतं. आणि जर्मनीत पहिल्या तीन महिन्यांत विम्याबाबत जे ठरतं, ते बहुतेकदा डिग्री हातात येईपर्यंत बदलता येत नाही.

मी इथेच शिकले, आता इथेच नोकरी करते. खाली लिहिलंय ते नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. पैशांचे आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथे, २०२५ सालचे आहेत. हप्त्याचे दर साधारण दर जानेवारीत बदलतात, तेव्हा सही करण्याआधी चालू दर बघून घ्या.

१. निघण्याआधी घरीच उरकायची कामं

चष्मा असेल तर दोन जोड नवे करून घ्या. जर्मनीचा सरकारी विमा मोठ्या माणसांच्या चष्म्याचे पैसे देत नाही. नंबर फारच मोठा असेल तरच काही रक्कम मिळते. इथे काच आणि फ्रेम मिळून जो आकडा होतो, त्यात पुण्यात घरातल्या सगळ्यांचे चष्मे होतील.

दातांचं तसंच. किडलेला दात, अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल, दुखणारी अक्कलदाढ, जे काय असेल ते उरकूनच विमानात बसा.

नेहमीची औषधं असतील, म्हणजे थायरॉइड, दमा, मधुमेह, पीसीओडी, अॅलर्जी वगैरे, तर तीन महिन्यांची आणा. स्वतःच्या वापरासाठी साधारण तेवढी आणता येतात. सोबत डॉक्टरांचं इंग्रजीत लिहिलेलं पत्र हवं आणि त्यात औषधाचं मूळ नाव हवं. क्रोसिन किंवा थायरोनॉर्म म्हटलं तर इथल्या डॉक्टरला काही कळणार नाही. पॅरासिटामॉल, लिव्होथायरॉक्सिन म्हटलं की लगेच कळतं. झोपेच्या गोळ्या, एडीएचडीची औषधं किंवा जबर वेदनाशामकं घेत असाल तर त्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. अशा औषधांसाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते आधी करून घ्या.

फाइलमध्ये हे कागद ठेवा. मोबाइलमध्ये फोटो आहेत म्हणून कागद मागे ठेवू नका:

- लसीकरणाची नोंद, लहानपणचं कार्ड सापडलं तर तेही. दवाखान्यात किंवा बालवाडीत काम करायचं असेल तर गोवराच्या लशीचा पुरावा लागतोच.
- जुन्या आजारांचे आणि ऑपरेशनचे रिपोर्ट, इंग्रजीत.
- औषधांचं वर सांगितलेलं पत्र.
- चष्म्याचा नंबर, रक्तगट, अॅलर्जीची यादी.
- पासपोर्ट आकाराचे फोटो आणि फोटोची डिजिटल प्रत. विम्याच्या कार्डावर फोटो असतो.

२. मधल्या दिवसांचा विमा

विद्यार्थ्यांचा सरकारी विमा तुम्ही विमानतळावर उतरलात की सुरू होत नाही. तो सेमिस्टरबरोबर सुरू होतो, आणि त्यातही युनिव्हर्सिटीत प्रवेश नोंदवल्याच्या दिवसाआधी नाही. बहुतेक युनिव्हर्सिट्यांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला आणि उन्हाळी १ एप्रिलला लागतं. होखशूले, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणावर भर देणाऱ्या, बऱ्याच संस्थांमध्ये या तारखा १ सप्टेंबर आणि १ मार्च असतात.

तुम्ही ५ सप्टेंबरला पोचलात आणि प्रवेशाची नोंद १ ऑक्टोबरपासून झाली, तर मधले जवळपास चार आठवडे तुम्हाला दुसरा विमा लागतो. व्हिसासाठी जो ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतात तो याचसाठी. ब्लॉक्ड अकाउंटच्या पॅकेजमध्ये फुकट म्हणून जो येतो, तोही बहुधा हाच.

इथे दोन गोष्टी बघा. पहिली, शेवटची तारीख. व्हिसा उशिरा आला, प्रवेशाची नोंद ऑक्टोबरच्या मध्यावर गेली, तर ट्रॅव्हल इन्शुरन्स तोवर टिकायला हवा. थोडे जास्त दिवस घेऊन ठेवा. दुसरी, या पॉलिसी आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च सहसा देत नाहीत. दमा असेल तर त्या महिन्याचा इनहेलर भारतातूनच आणा.

३. पब्लिक की प्रायव्हेट: सही करण्याआधी इथे थांबा

जर्मनीत सरकारी नियमांनी चालणाऱ्या विमा संस्था अनेक आहेत. टीके, एओके, बार्मर, डीएके ही नावं तुमच्या कानावर येतीलच. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हे सगळं मिळून 'पब्लिक'. वयाची ३० वर्षं पूर्ण व्हायची असतील आणि पदवीच्या अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश असेल, तर कायद्याने तुम्ही पब्लिकमध्येच मोडता आणि तुम्हाला विद्यार्थी दर मिळतो. हा दर महिना १४० ते १५० युरोच्या आसपास आहे. २३ वर्षांखालच्यांना पाचेक युरो कमी पडतात. संस्थेसंस्थेत फरक असतो तो थोडक्या युरोंचा, कारण मूळ दर आणि बहुतेक सुविधा कायद्यानेच ठरलेल्या आहेत. इंग्रजीतून बोलणारा माणूस आणि चांगलं अॅप कुणाकडे आहे, यावर निवड केलीत तरी चालेल.

आता तुम्हाला कुणीतरी सांगेल, "दीडशे कशाला भरतोस, चाळीस युरोत प्रायव्हेट मिळतो." खरंच मिळतो. महिन्याला शंभर युरो म्हणजे दहा हजार रुपये वाचतात, मोह होणारच. त्यासाठी पब्लिकमधून सूट घ्यावी लागते आणि ती विमा लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मागता येते. ही सूट मागायच्या अर्जातली मोठी अट अशी की एकदा सूट मिळाली की शिक्षण चालू असेपर्यंत ती मागे घेता येत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला पश्चात्ताप झाला, आजार निघाला, लग्न झालं, तरी नाही.

स्वस्त प्रायव्हेट पॉलिसीत काय नसतं ते तिच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत असतं. जुने आजार वगळलेले, मानसोपचार वगळलेला किंवा मोजक्या रकमेपर्यंत, दातांना मर्यादा, बाळंतपणाला आधी काही महिने थांबायची अट. शिवाय डॉक्टरचं बिल आधी खिशातून भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं. पब्लिकमध्ये नवऱ्याला किंवा बायकोला स्वतःची कमाई नसेल तर तुमच्याच हप्त्यात विमा मिळतो, मुलांनाही. प्रायव्हेटमध्ये माणशी वेगळी पॉलिसी. आणि शिक्षण संपल्यावर, नोकरी मिळेपर्यंतच्या मधल्या काळात पब्लिकचं दार बंदच असतं, कारण आधी तुम्ही तिथे सभासद नव्हता. नोकरी लागली की मग प्रवेश.

माझं मत स्पष्ट आहे: तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याने पब्लिकच घ्यावा. पैसे वाचवायला जर्मनीत इतर शंभर जागा आहेत.

तिशी ओलांडलेल्यांचं गणित निराळं. त्यांना विद्यार्थी दर मिळत नाही, आणि युरोपात आधी सरकारी विमा नसेल तर पब्लिकमध्ये शिरताही येत नाही. भाषावर्ग किंवा श्टुडिएनकोलेगला, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्गाला, येणारेही विद्यार्थी दरात बसत नाहीत. या सगळ्यांना प्रायव्हेटच घ्यावा लागतो. त्यांनी सगळ्यात स्वस्त पॉलिसीच्या मागे न लागता अशी घ्यावी जी व्हिसा वाढवताना परदेशी नागरिकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, चालते. काही स्वस्त पॉलिसी तिथे नाकारल्या जातात. पॉलिसी ठरावीक वर्षांनी आपोआप संपणारी आहे का, तेही आधीच विचारून घ्या.

४. नोंदणी, एम-१० आणि पत्रपेटी

पब्लिकचा अर्ज भारतातून ऑनलाइन करता येतो. पासपोर्ट आणि प्रवेशपत्र लागतं. जर्मनीतला पत्ता आणि बँक खातं नंतर कळवलं तरी चालतं. हप्ता विमा सुरू झाल्यावरच लागतो, त्यामुळे लवकर अर्ज केल्याने तोटा काही नाही.

अर्ज झाला की तुमच्या युनिव्हर्सिटीचं नाव सांगून 'एम-१०' पाठवायला सांगा. एम-१० म्हणजे विमा संस्थेने युनिव्हर्सिटीला थेट कॉम्प्युटरवरून कळवलेली तुमच्या विम्याची स्थिती. ती पोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. युनिव्हर्सिटीला पॉलिसीची पीडीएफ मेल करून काम होत नाही, इथे बरेच जण अडकतात. प्रायव्हेट घेणाऱ्यालाही कुठल्या तरी पब्लिक संस्थेकडूनच 'हा सूट घेतलेला आहे' असं एम-१० पाठवून घ्यावं लागतं.

मग येतं कार्ड. ते पोस्टाने येतं, आणि जर्मनीत पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पाकीट परत जातं. होस्टेलवर किंवा वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात की पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावा. कुणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात त्यांचंही आडनाव घाला.

नावावरूनही गोंधळ होतो. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. जर्मन कचेरीला ती तुमचीच दोन नावं वाटतात. कुठे एक, कुठे दोन असं लिहू नका. विमा, बँक, युनिव्हर्सिटी, सगळीकडे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव. वडिलांच्या नावाने हाक मारली गेली तर वाईट वाटून घेऊ नका, अर्ध्या महाराष्ट्राला इथे वडिलांच्या नावाने ओळखतात.

कार्ड यायच्या आधी आजारी पडलात तर विमा संस्थेकडून सभासद असल्याचं पत्र मागवा. अॅपवरून किंवा मेलवर लगेच मिळतं आणि दवाखान्यात चालतं.

५. हप्ता

खात्यातून आपोआप वळता होईल अशी परवानगी देऊन ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो हातात येतात, त्यातून हा खर्च पहिला वजा धरा. हप्ते थकले तर विमा संस्था युनिव्हर्सिटीला कळवते आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते. पैशांची ओढाताण असेल तर गप्प बसू नका, फोन करा. थकलेली रक्कम थोडी थोडी करून भरता येते.

६. धडधाकट असतानाच हाउसआर्त्स्ट गाठा

हाउसआर्त्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि इथली सगळी व्यवस्था त्याच्यापासून सुरू होते. पोट दुखतंय म्हणून थेट पोटाच्या तज्ज्ञाकडे जायची इथे पद्धत नाही. आधी हाउसआर्त्स्ट, मग त्याची उबरवायझुंग म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, मग तज्ज्ञाची वेळ, जी कधीकधी महिन्यांनी मिळते. डोळ्यांचे, दातांचे आणि स्त्रियांचे डॉक्टर यांच्याकडे मात्र थेट जाता येतं.

मोठ्या शहरांत बरेच डॉक्टर नवे पेशंट घेतच नाहीत. ताप अंगात असताना दहा ठिकाणी फोन करण्यापेक्षा पहिल्या महिन्यात, बरं असताना, घराजवळचा दवाखाना शोधा. डॉक्टोलिबसारख्या अॅपवर भाषेप्रमाणे डॉक्टर शोधता येतात. दारावरच्या पाटीवर 'आले कासेन' लिहिलेलं असेल तर पब्लिक विमा चालतो; 'प्रिवाटप्राक्सिस' असेल तर आत जाऊ नका, बिल तुमच्या नावावर येईल. फोनवर एवढं म्हणता आलं की पुरे: "नेमेन झी नोख नॉये पात्सिएन्टेन आउफ?" नवे पेशंट घेता का? आणि "इश बिन गेझेत्स्लिश फरझिशर्ट", माझा पब्लिक विमा आहे.

पहिली भेट साधारण अशी होते. सकाळी आठला ओपन तास असतात, तेव्हा वेळ न घेता जाता येतं, पण पावणेआठलाच दाराबाहेर पाच-सहा जण उभे असतात. काउंटरवरची बाई कार्ड मागते आणि यंत्रात घालते. दर तिमाहीत एकदा कार्ड दाखवावं लागतं, म्हणून जानेवारीत दाखवलेलं एप्रिलमध्ये परत मागतात. मग एक फॉर्म: जुने आजार, अॅलर्जी, औषधं, सिगारेट. थांबायच्या खोलीत शिरणारा प्रत्येक जण सगळ्यांना मिळून "गुटेन मॉर्गेन" म्हणतो. तुम्हीही म्हणा, न म्हटल्यास विचित्र दिसतं. डॉक्टर स्वतः दारात येऊन आडनावाने बोलावतात, तेव्हा आपलं आडनाव कुठल्याही उच्चारात ओळखायची तयारी ठेवा. आत पाचसात मिनिटं मिळतात. म्हणून त्रास कधीपासून, किती, काय घेतलं हे कागदावर जर्मनमध्ये लिहून न्या. भाषांतराच्या अॅपवरून लिहिलेलं चालतं.

बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात. वेळ घेऊन गेला नाहीत तर काही ठिकाणी दंड लावतात, जमत नसेल तर आदल्या दिवशी रद्द करा. आणि डॉक्टरांनी एखादी तपासणी 'स्वखर्चाने' म्हणून सुचवून कागद पुढे केला तर सही करण्याआधी किंमत विचारा. त्याला इथे 'ईगेल' म्हणतात. ती नाकारली म्हणून उपचार थांबत नाहीत.

आपल्याकडच्या मुलींना एक सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला लग्न झालेलं असावं लागत नाही, कुणी विचारत नाही, आणि डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय घरी काय कुणालाच काही सांगू शकत नाही. विसाव्या वर्षापासून वर्षातून एकदाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पब्लिक विम्यात बसते.

७. औषधं: चिठ्ठी कार्डातच असते

२०२४ पासून डॉक्टरची चिठ्ठी कागदावर नसते, विम्याच्या कार्डावरून वाचली जाते. औषधाच्या दुकानात, म्हणजे आपोथेकेत, कार्ड द्यायचं, ते यंत्रात घालतात आणि औषध देतात. औषध २८ दिवसांत घ्या, नंतर विमा पैसे देत नाही. तुमचा वाटा किमतीच्या १० टक्के, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो. औषधच पाच युरोच्या आत असेल तर जेवढी किंमत तेवढीच. हिरव्या रंगाची चिठ्ठी दिली तर ती नुसती शिफारस असते, पैसे पूर्ण तुमचे.

पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही, आपोथेकेतच मिळते. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुठेच नाही. साध्या तापाला, खोकल्याला डॉक्टर बहुधा "चहा प्या, झोपा, तीन दिवसांनी या" एवढंच सांगतात, आणि चहा म्हणजे कॅमोमाइलचा. गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन संध्याकाळी बरं होऊन येण्याची सवय असलेल्या माणसाला हा उपचारच वाटत नाही. डॉक्टर दुर्लक्ष करतोय असं समजू नका, इथली पद्धतच ती आहे. पण तीन दिवसांनी त्रास वाढला असेल तर नक्की परत जा आणि वाढलाय हे ठासून सांगा.

रविवारी आणि सणांना सगळी आपोथेके बंद. त्या त्या भागात आळीपाळीने एखादं रात्रभर उघडं असतं, त्याचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर चिकटवलेला असतो. अशा वेळी अडीच युरो जास्त पडतात.

८. रात्री-बेरात्री: ११६११७ आणि ११२

दोन नंबर मोबाइलमध्ये आत्ताच साठवा.

११६११७: दवाखाने बंद आहेत, त्रास आहे पण जिवावरचं नाही, तेव्हा. ताप उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, कान असह्य दुखतोय. ते जवळचं चालू असलेलं केंद्र सांगतात. तज्ज्ञाची वेळ मिळत नसेल तेव्हाही हाच नंबर उपयोगी पडतो; हाउसआर्त्स्टच्या चिठ्ठीवरचा कोड सांगितला की ते वेळ शोधून देतात. जर्मन येणारा कुणी शेजारी असेल तर बरं.

११२: छातीत दुखणं, श्वास घेता न येणं, बेशुद्धी, मोठा अपघात, रक्तस्राव. अमेरिकेतल्या अॅम्ब्युलन्सच्या बिलांच्या गोष्टी ऐकून आपली मुलं इथेही फोन करायला घाबरतात, उबर करून दवाखान्यात जातात. पब्लिक विमा असताना गरजेच्या अॅम्ब्युलन्सला तुमचा वाटा १० युरो. दवाखान्यात दाखल झालात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षातून २८ दिवसांपर्यंतच. ऑपरेशन झालं तरी एवढंच. घरी फोन करून आईबाबांना "पैसे पाठवा" म्हणायची वेळ येत नाही.

इमर्जन्सी विभागात साध्या तापासाठी जाऊन बसलात मात्र तर पाच-सहा तास काढावे लागतील. तिथे आधी आलेला नव्हे, जास्त गंभीर असलेला आधी जातो.

९. परीक्षेच्या दिवशी आजारी

परीक्षा बुडाली आणि नंतर "बरं नव्हतं" सांगितलं तर शून्य. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत परीक्षा विभागाला, प्रुफुंग्सआम्टला, द्यावं लागतं. मागच्या तारखेचं चालत नाही. काही युनिव्हर्सिट्यांचा स्वतःचा छापील फॉर्म असतो, तो सेमिस्टरच्या सुरुवातीलाच उतरवून ठेवा. नोकरीसाठीची आजारपणाची नोंद आता थेट ऑनलाइन मालकाकडे जाते, युनिव्हर्सिटीकडे जात नाही. तिथला कागद तुम्हालाच मागून घ्यावा लागतो.

१०. दात आणि मन

दातांची तपासणी वर्षातून दोनदा फुकट होते. दर वेळी त्याची नोंद ठेवा, 'बोनसहेफ्ट' म्हणतात. पाच वर्षं सलग नोंद असेल तर पुढे कवळी-क्राउनला जास्त पैसे मिळतात.

मनाचं जास्त बोलायला हवं. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. खोलीत एकटं, पहिल्या परीक्षांचा ताण, घरी "मस्त चाललंय" सांगायचं. झोप उडणं, वर्गाला जावंसं न वाटणं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर युनिव्हर्सिटीच्या श्टुडिएरेन्डनवेर्कमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा बघणाऱ्या संस्थेत, समुपदेशन मिळतं, बहुतेक ठिकाणी फुकट आणि इंग्रजीतूनही. पुढे मानसोपचार लागला तर तो पब्लिक विम्यात बसतो, पण वेळ मिळायला महिने जातात, म्हणून नंबर लवकर लावा. खूपच असह्य झालं तर ०८०० १११०१११ हा टेलिफोनझेलझोर्गचा, म्हणजे फोनवरून मनाला आधार देणाऱ्या सेवेचा, नंबर चोवीस तास, फुकट चालू असतो. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर ११२, आणि त्यात संकोच नको.

११. फिरायला, घरी, नोकरीवर

कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं. पॅरिस, प्राग, अॅमस्टरडॅमला अचानक काही झालं तर ते चालतं. पण आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या नागरिकांना ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलँडमध्ये चालत नाही. स्विस आल्प्सला जाताना काही युरोंचा प्रवास विमा वेगळा घ्या. भारतात तर हा विमा लागूच नाही. सुट्टीत घरी येताना तोच उपाय.

अर्धवेळ नोकरी करताना वर्ग चालू असण्याच्या काळात आठवड्याला २० तासांवर जाऊ नका. गेलात तर विम्याच्या लेखी तुम्ही विद्यार्थी राहत नाही, कामगार होता.

डिग्री झाल्यावर नोकरी शोधायच्या काळात विद्यार्थी दर संपतो. पब्लिकमध्ये राहता येतं, पण कमाई नसली तरी महिना अडीचशे युरोच्या घरात जातात. त्या वेळी संस्थेकडून उत्पन्न विचारणारा एक फॉर्म येतो. तो जर्मनमध्ये असतो, लांबलचक असतो आणि हमखास बाजूला पडतो. फॉर्म आला नाही की संस्था तुमची कमाई सर्वात जास्त धरते आणि महिन्याला हजार युरोंहून मोठं बिल पाठवते. असं बिल आलं तर घाबरून भरू नका आणि फेकूनही देऊ नका. उत्पन्न नसल्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट आणि तो फॉर्म लगेच पाठवा. १२ महिन्यांच्या आत पाठवलात तर आकारणी मागच्या तारखेपासून दुरुस्त करून मिळते.